कवीला डिटेक्टिव्ह केलं म्हणून काय बिघडलं?

हल्ली वाचकांमध्ये एक मत फार फिरतंय. खरोखर होऊन गेलेल्या कवीला डिटेक्टिव्ह करून लिहिलेल्या ऐतिहासिक रहस्यकथा म्हणजे नुसता बाजार, असं ते मत. कवी भावनेच्या आहारी जाणारा, त्याला तपास काय जमणार? शिवाय इतिहासाची मोडतोड होते. नायक कधी वारला हे आधीच ठाऊक असतं, मग रहस्य कसलं? आणि गेलेल्या माणसाला खुनाच्या भानगडीत ओढणं हा त्याचा अपमानच. मला या कादंबऱ्या मनापासून आवडतात, म्हणून एकेका आक्षेपाला उत्तर देतो.

कवीला तर्क जमत नाही, हा आक्षेप सगळ्यात जुना. त्याला उत्तर देणारा माणूस स्वतः कवी होता आणि आधुनिक डिटेक्टिव्ह कथेचा पायाही त्यानेच घातला. एडगर ॲलन पोच्या १८४४ सालच्या 'द परलॉइन्ड लेटर'मध्ये पत्र चोरणारा मंत्री कवी आहे, म्हणून पॅरिसचा पोलीसप्रमुख त्याला मूर्खात काढतो. त्याचा डिटेक्टिव्ह द्युपाँ मात्र म्हणतो की हा मंत्री गणितीही आहे आणि कवीही, म्हणूनच त्याने नीट विचार केला. नुसता गणिती असता तर केव्हाच पोलिसांच्या हाती लागला असता. समोरचा माणूस काय विचार करत असेल हे त्याच्या जागी जाऊन ओळखणं, हीच द्युपाँची रीत, आणि कवी आयुष्यभर दुसरं काय करतो?

पो राहू द्या, गालिब घ्या. त्याच्या कुटुंबाची पेन्शन दिल्लीजवळच्या फिरोजपूर झिरक्याच्या नवाबाच्या जहागिरीतून यायची. १८०६ च्या एका कागदात वर्षाला दहा हजार रुपये लिहिले होते. महिन्याभराने निघालेल्या दुसऱ्या कागदात त्याचे पाच हजार झाले, वर एक वाटेकरीही घुसवला गेला. हा दुसरा कागद बनावट आहे, असं गालिबचं म्हणणं. ते सिद्ध करायला तो दिल्लीहून निघाला आणि मजल-दरमजल करत १८२८ मध्ये कलकत्त्याला पोचला. तिथे त्याने अर्ज केले, तारखा मांडल्या, वाद घातला. दावा तो हरला. पण संशयास्पद कागदाचा असा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवणाऱ्या माणसाला तपास शोभत नाही, असं कोण म्हणेल?

पुढची गोष्ट तर कुठल्या कादंबरीकाराने रचली असती तरी ओढूनताणून आणल्यासारखी वाटली असती. १८३५ च्या मार्चमध्ये दिल्लीतला बडा इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर गोळी घालून मारला गेला. फ्रेझरशी गालिबचे चांगले संबंध होते. या खुनासाठी त्याच वर्षी फाशी गेला तो नवाब शम्सुद्दीन, म्हणजे ज्या घराण्याशी गालिबचं पेन्शनचं भांडण होतं त्याच घराण्यातला. गालिबनेच चुगली केली असणार, अशी कुजबुज शहरात सुरू झाली. खुनाचा तपास गालिबच्या दारात असा इतिहासानेच आणून ठेवलेला आहे.

चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याचंही तसंच. तो १३७४ पासून बारा वर्षं लंडनच्या बंदरात लोकरीच्या जकातीवर नियंत्रक होता. जकात चुकवून लोकर बाहेर पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याला दंड झाला, तेव्हा १३७६ मध्ये ती ७१ पौंडांहून जास्त रक्कम चॉसरलाच बक्षीस मिळाली. चोरटा माल पकडणं हे त्याच्या नोकरीतलंच काम होतं.

मोडतोडीच्या आक्षेपात तथ्य आहे, पण सरसकट नाही. चांगला लेखक नोंदींना हात लावत नाही, नोंदी संपतात तिथे लिहायला लागतो. इंग्रज कवी आणि नाटककार ख्रिस्टोफर मार्लो ३० मे १५९३ रोजी लंडनजवळच्या डेप्टफर्डच्या एका घरात भोसकला गेला. मृत्यूच्या चौकशीचा अहवाल १९२५ मध्ये उजेडात आला. त्यानुसार खोलीत चौघे होते आणि खाण्यापिण्याच्या बिलावरून भांडण झालं. पण हे सांगणारे साक्षीदार कोण, तर हेरगिरी आणि फसवणुकीत मुरलेली माणसं. हा अहवाल वाचून शंका येऊ नये, असा वाचक मला अजून भेटलेला नाही.

नायक वाचणार हे ठाऊक असल्याने मजा जाते, हे तर पटतच नाही. आपण वाचतो ते खून कोणी केला हे कळायला. उलट कथा दिल्लीत मे १८५७ मध्ये घडत असली, तर ११ तारखेला मीरतचे बंडखोर शिपाई शहरात शिरणार हे पात्रांना माहीत नसतं, आपल्याला असतं. त्याने धडधड वाढते.

आता बाजाराचा आक्षेप. नाव काढून दुसरं घातलं तरी कथा जशीच्या तशी राहते, अशी पुस्तकं आहेत, आणि त्यांची बाजू मी घेणार नाही. पण मॅथ्यू पर्लची 'द दान्ते क्लब' ही कादंबरी पाहा. १८६५ चं बोस्टन. एका धर्मगुरूचं प्रेत सापडतं ते डोकं खाली पुरलेलं, वर आलेले पाय जाळलेले. पोलिसांना त्याचा अर्थच लागत नाही. अमेरिकन कवी लाँगफेलो आणि त्याच्या मित्रांना मात्र तो क्षणात कळतो, कारण इटालियन कवी दान्तेच्या काव्यातल्या नरकात धर्माचा बाजार मांडणाऱ्यांना हीच शिक्षा आहे आणि ते तेव्हा त्याच काव्याच्या अनुवादावर काम करतायत. शहरात हे काव्य एवढं जाणणारे मूठभर, त्यामुळे उलगडा त्यांच्याच हाती आणि संशयही त्यांच्यावरच येणार. इथे लाँगफेलोच्या जागी सैनिक किंवा वकील बसवून दाखवा.

राहिला अपमान. कवीला हुशार, चिकाटीचा, गरिबाच्या खुनाचीही दाद लावणारा दाखवला तर त्यात अपमान कसला, हे मला कळत नाही. अपमान होतो तो दुसऱ्याच कोणाचा. होऊन गेलेल्या, नावानिशी ठाऊक असलेल्या माणसाला पुराव्यावाचून खुनी ठरवलं, तर त्याचे वंशज रागावले तरी त्यांचं काही चुकत नाही. डिटेक्टिव्ह खरा असू द्या, खुनी मात्र कल्पनेतला हवा. ही अट मोडणारं पुस्तक कितीही रंगतदार असलं तरी मी कोणाला वाचायला सांगत नाही.