व्हॉलंटियरला आत बसू द्या

गोव्यात महोत्सव भरवणाऱ्या सगळ्यांना आणि कला शिकवणाऱ्या सर-मॅडमना उद्देशून हे लिहितेय. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

पणजीतल्या एका छोट्या एक्सपेरिमेंटल फिल्म फेस्टिव्हलला, म्हणजे गोष्टीपेक्षा रंग, प्रकाश आणि हालचाल यांच्याशी खेळणाऱ्या फिल्म्सच्या महोत्सवाला, मी व्हॉलंटियर होते. आम्ही बहुतेक सगळे कलेचे विद्यार्थी. पेंटिंगचे, अप्लाइड आर्टचे, एकदोघं शिल्पकलेचे. गोव्यात कलेचा कुठलाही कार्यक्रम ठरला की आयोजकांना पहिली आठवण आमची होते आणि ते साहजिक आहे. पोस्टर कुठल्या उंचीवर लावायचं ते आम्हाला सांगावं लागत नाही. शिडीवर चढतो, खिळे ठोकतो, जुन्या भिंतीला धक्का न लावता वस्तू टांगतो. कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पाण्याचे कॅन उचलले, खुर्च्या मांडल्या, पास तपासले, पाहुण्यांना बसस्टँडवरून आणलं. हे सगळं पुन्हा करायला मी एका पायावर तयार आहे.

माझं म्हणणं आहे ते एका नियमाबद्दल. फिल्म सुरू झाली की व्हॉलंटियरने बाहेर थांबायचं आणि दार सांभाळायचं.

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात होतो. तिथली गर्दी, सुरक्षा, रांगा बघितल्या की असा नियम का लागतो ते कळतं. पण जेमतेम पन्नास-साठ खुर्च्यांची खोली, त्यातल्या कितीतरी दुपारी रिकाम्या, आणि चित्रकला शिकणारी मुलं दाराबाहेर मोबाइल बघत बसलेली, हे मला अजिबात पटत नाही. कारण आत जे चाललेलं असतं तो आमचाच विषय आहे. त्या खोलीत बसायचा पहिला हक्क कुणाचा असेल तर तो रंग, रेषा आणि प्रकाश शिकणाऱ्यांचा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

हे हवेत बोलत नाही. आपल्याकडचा इतिहासच बघा. एम. एफ. हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेसाठी राजस्थानात एक लघुपट केला, संवाद नाहीत, गोष्ट नाही, चित्रकाराच्या नजरेला दिसतं तसं आणि तेवढंच. त्याला १९६७ मध्ये बर्लिनला लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं. तैयब मेहता यांनी १९७० मध्ये फिल्म केली, तिचं चित्रण त्यांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यात केलं होतं. त्यांच्या कॅनव्हासवरचा बैल ज्यांनी पाहिलाय त्यांना ही फिल्म त्याच हाताची आहे हे लगेच कळेल. चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू फेलोशिप मिळाली, तर त्यांनी त्या पैशातून मुंबईत एक कार्यशाळाच उभी केली. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले तिथे एकत्र काम करायचे. पदमसींनी स्वतः रेषांची एक अख्खी मूक फिल्म केली. त्यांच्या दुसऱ्या एका फिल्मची एकच प्रिंट होती, ती दिल्लीच्या प्रदर्शनाला गेली आणि हरवली. एकुलती एक प्रिंट! हे वाचलं तेव्हा मला कुणाचं तरी मोठं चित्र जळून गेल्यासारखं वाईट वाटलं होतं. आणि फिल्म्स डिव्हिजनचे दिग्दर्शक प्रमोद पती यांनी चित्रकार आबिद सुरतींना एका खोलीत रंगांच्या मधोमध उभं करून एकेक चौकट चित्रित केली, तेही सरकारी संस्थेत नोकरी करत असताना. सरकारी संस्था, चित्रकार आणि हा असला धाडसी सिनेमा, तिन्ही गोष्टी आपल्या देशात एका जागी नांदलेल्या आहेत.

आमच्या गोव्याचे लक्ष्मण पै १९७७ ते १९८७ गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी संगीतावर चित्रमालिका रंगवली. काळात उलगडणारी गोष्ट सपाट कागदावर कशी आणायची, हाच त्यांच्यापुढचा प्रश्न असणार. एक्सपेरिमेंटल फिल्म करणारा त्याच प्रश्नाशी उलट्या बाजूने झटत असतो. चित्र हातात असतं, त्याला काळ द्यायचा असतो.

मला आत बसायला मिळालं ते वेगळ्याच कारणाने. काही फिल्म्स १६ मिलिमीटरच्या रिळांवर आल्या होत्या आणि प्रोजेक्टर चालवणाऱ्या दादांना हाताशी कुणीतरी हवं होतं. जागा म्हणजे एका जुन्या घरातला दिवाणखाना, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या. दुपारी त्यातून दुधाळ उजेड झिरपतो. तो अडवायचा म्हणजे जिवावर येतं, पण प्रोजेक्टरला काळोख लागतो. आमची सकाळ काळं कापड लावण्यात गेली. फटी टेपने बुजवल्या, दाराखाली गोणपाट कोंबलं, एकाने बाहेर उन्हात उभं राहून टॉर्च मारला आणि आम्ही आतून भोकं शोधली.

मग दादांनी फीत माझ्या हातात दिली. सिनेमा हातात धरता येतो हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण बोटांना ठाऊक नव्हतं. १६ मिलिमीटरच्या एका फुटात ४० चौकटी असतात. सेकंदाला २४ या वेगाने त्या सरकतात, म्हणजे ४०० फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटांचं, आणि त्यात १६ हजार चित्रं. प्रत्येक चौकट भिंगासमोर येऊन थांबते, दिसते, मग पुढे सरकते आणि ती सरकत असताना शटर उजेड अडवतं. पडद्यावर जवळजवळ निम्मा वेळ काळोखच असतो आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. भिंगामागच्या ज्या खाचेतून फीत जाते तिला गेट म्हणतात; फितीला गेटच्या वर आणि खाली थोडा ढिलेपणा ठेवावा लागतो, त्याला लूप म्हणतात. लूप सुटला की चित्र उड्या मारायला लागतं. माझं काम तो लूप बघत राहायचं आणि पुढचं रीळ तयार ठेवायचं. एक डबा उघडला तर आतून व्हिनेगरसारखा आंबट वास आला. दादा म्हणाले, "ही गेली आता. दमट हवा लागली की ॲसिटेटची फीत अशी सडते." आपल्या गोव्याच्या हवेत राहणाऱ्या माणसाला आणखी काय समजवायचं? आमच्या घरात जूनमध्ये चपलांनासुद्धा बुरशी येते.

त्या दुपारची एक फिल्म निव्वळ ओरखड्यांची होती. कॅमेरा नाहीच. काळ्या फितीवर सुईने, ब्लेडने खरवडलेलं, आणि जिथे खरवडलं तिथून प्रकाश येतो. बघताना मला उत्तर गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंती दिसायला लागल्या. आपली कावी कला अशीच असते. चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर द्यायचा आणि तो ओलसर असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वेली, मोर, जाळीची नक्षी, सगळं काढून टाकून घडवलेलं. वर काही चढवायचं नाही, जे आहे त्यातलं कमी करायचं. रंगीत फितीवर तर किती खोल खरवडलं त्यावर रंग बदलतो, कारण रंगांचे थर एकावर एक असतात. मी कावीवर एक असाइनमेंट केली होती, त्यामुळे त्या फिल्मच्या प्रत्येक रेषेत हात किती जोरात पडलाय ते मला कळत होतं. शेजारच्या समीक्षकाला कदाचित ते कळलं नसेल. माझ्या वर्गातल्या प्रत्येकाला कळलं असतं, आणि ते सगळे दाराबाहेर उभे होते.

अमेरिकेच्या स्टॅन ब्रॅकेज यांनी १९६३ मध्ये पतंगांचे पंख, पाकळ्या आणि गवताची पाती पारदर्शक टेपमध्ये दाबून एक फिल्म केली, तीही कॅमेऱ्याशिवाय. हे आपल्याला आजही करता येईल. पावसाळ्यात आपल्या ट्यूबलाइटखाली पंखांचा खच पडतो. एक रिकामी फीत, टेप, कात्री, आणि बघायला एक प्रोजेक्टर. पेंटिंगच्या विद्यार्थ्याला एवढं साहित्य पुरे आहे.

आता दाराबद्दल. दारावरच्या व्हॉलंटियरला दिवसभर एकच प्रश्न विचारला जातो, "आत काय चाललंय?" ज्याने फिल्म पाहिलेली नाही तो काय सांगणार? तो माहितीपत्रक पुढे करतो. माहितीपत्रक इंग्रजीत, आणि तेही असं की वाचणारा आल्या पावली परत जावा. एका संध्याकाळी चालायला निघालेले एक आजोबा थांबले आणि म्हणाले, "बाय, हांगा कितें आसा?" (इथे काय आहे?) मी ती फिल्म आदल्या दिवशी प्रोजेक्टरजवळ बसून पाहिली होती. मी त्यांना म्हटलं, काका, गोष्ट नाही यात. एक झाड आहे, त्याच्या सावल्या दिवसभर भिंतीवर फिरतात आणि हळूहळू भिंतच हलतेय असं वाटायला लागतं. वीस मिनिटांची आहे. ते आत गेले आणि पूर्ण बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "सावल्या बऱ्या होत्या. आवाज मात्र फार मोठा ठेवलाय तुम्ही." मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी गावात सरकारी गाडी यायची, देवळासमोर पडदा बांधून सिनेमा दाखवायची आणि पोरं पडद्याच्या मागच्या बाजूनेही बसायची. इतकं बोलले ते. कारण त्यांना कुणीतरी दोन वाक्यं त्यांच्या समजुतीची सांगितली होती.

"इथल्या लोकांना असलं झेपत नाही" असं एक वाक्य मी या महोत्सवात फार वेळा ऐकलं. ते मला मान्य नाही आणि कधीच मान्य होणार नाही. आमच्याकडे जत्रेला रात्री उभं राहिलेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि बायाबापड्या चटया अंथरून शेवटच्या प्रवेशापर्यंत बसतात. काल्याला दशावतारी येतात, तिथे एक पात्र नुसतं येऊन जायला केवढा वेळ घेतं, कुणी घड्याळ बघत नाही. फोंड्याच्या बाजूला घराघरात विलंबित ख्याल ऐकणारी माणसं आहेत. सावकाश उलगडणाऱ्या गोष्टीची सवय आपल्या लोकांना आहेच. त्यांना बोलावलं जात नाही, हा खरा अडथळा आहे. माहितीपत्रकावर मराठीत आणि कोंकणीत चार-चार ओळी छापायला कितीसा खर्च येतो? आम्ही लिहून देऊ, फुकट. पण लिहायला आधी फिल्म बघायला हवी.

आयोजकांची अडचण मला ठाऊक आहे. सगळे आत बसले तर दार कोण बघणार? त्यावर उपाय आहे आणि तो तुमच्याच वेळापत्रकात आहे. प्रत्येक फिल्मची तांत्रिक चाचणी तुम्ही आदल्या दिवशी किंवा सकाळी घेताच, आवाज आणि फोकस बघायला. ती चाचणी पाच मिनिटांत न आटोपता छोट्या फिल्म्सपुरती पूर्ण चालवा आणि व्हॉलंटियरना समोर बसवा. एक वाढीव रुपया खर्च नाही. बाकी वेळेला दोन तुकड्या करा, एक दारावर, एक आत, पुढच्या शोला अदलाबदल. रिळांवरच्या फिल्म्सना मात्र हे जमणार नाही, कारण प्रिंट जितकी फिरवावी तितकी झिजते. त्या शोच्या वेळी मागे उभं राहायला तरी परवानगी द्या.

आणखी एक. सगळ्यात महत्त्वाचे खेळ तुम्ही रात्री ठेवता. मी डिचोलीची. सत्तरी, पेडणे, काणकोणहून येणाऱ्या मुली माझ्याबरोबर होत्या. शेवटची बस चुकली तर घरी जायचं कसं, हा प्रश्न आमच्या डोक्यात संध्याकाळपासून फिरत असतो, आणि ज्या खेळासाठी दिवसभर राबलो तो सुरू होताना आम्ही कदंबाच्या स्टँडवर असतो. दुपारी खिडक्या झाकायला आम्ही कापड लावून देतो, मी वर लिहिलंच आहे. निदान एखादा चांगला कार्यक्रम उजेडी ठेवा. आणि व्हॉलंटियरला बसभाडं द्या. जेवण देता ते पोचतं, पण सत्तरीहून रोज येणाऱ्या मुलाला भाड्याचे पैसे मागायला लाज वाटते आणि मग तो तिसऱ्या दिवसापासून येत नाही. असे दोघं गळाले. दोघंही उत्तम ड्रॉइंग करणारे.

सर आणि मॅडमना माझी विनंती निराळी आहे. महोत्सव वर्षातून एकदा येतो. महिन्यातून एक संध्याकाळ वर्गात पडदा लावू. फिल्म्स डिव्हिजनच्या त्या काळातल्या कितीतरी फिल्म्स आज बघायला मिळतात, सुरुवात हुसेन आणि तैयब मेहतांपासून करता येईल. फिल्म झाल्यावर भाषण नको, ज्याला जे दिसलं ते त्याने कागदावर काढायचं. आणि एक दिवस फितीवर खरवडायचा वर्ग. तो मी आणि माझ्याबरोबरचे तिघं घ्यायला तयार आहोत, दादांनी आम्हाला रिकाम्या फितीचा एक छोटा गुंडा देऊन ठेवलाय.

प्रोजेक्टर मात्र हवा. गोव्यातल्या जुन्या शाळांत, वाचनालयांत, चर्चच्या हॉलमध्ये, कुणाच्या आजोबांच्या पेटीत १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर पडून असेल. बंद असला तरी चालेल, दिवा गेलेला असला तरी चालेल, दादा दुरुस्त करून देतो म्हणालेत. तुमच्या माहितीत कुठे असेल तर मला मेसेज करा. फिल्मचे डबे सापडले तर ते उन्हात ठेवू नका आणि स्वतः उलगडायला जाऊ नका, आधी कळवा, आम्ही येऊन बघतो. पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठेही येऊ.