घरचं आहे म्हणून सगळं चालत नाही

दसरा जवळ आला की फराळाच्या ऑर्डरी सुरू होतात, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या मैत्रिणींचा ठरलेला प्रश्नही येतो. "अगं, आपल्याच ओट्यावर करायचं, त्याला कसलं आलंय लायसन?"

डोंबिवलीत घरून फराळ विकायला लागले तेव्हा मीही हेच म्हणायचे. तिसऱ्या दिवाळीत एका काकूंनी दोन डबे नेले, एक सुक्या खोबऱ्याच्या करंज्यांचा आणि एक ओल्या नारळाच्या. ओल्या नारळाच्या लगेच संपवा, असं मी तोंडी सांगितलं होतं. डब्यांवर मात्र काहीच लिहिलं नव्हतं. काकूंनी दोन्ही डबे मुलाला बंगळुरूला कुरिअर केले. चौथ्या दिवशी ते पोचले, त्याने दोन्हीतल्या करंज्या खाल्ल्या आणि रात्रभर उलट्या झाल्या. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण मला ते अजून लागतं. सारण उत्तम होतं, हात स्वच्छ होते. फक्त तारीख नव्हती.

त्यानंतर मी नोंदणी केली. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, नोंदणीचे नियम २०११ चे. छोट्या व्यवसायाला त्यात मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. मी केली तेव्हा उलाढालीची मर्यादा वर्षाला १२ लाख होती आणि फी वर्षाला १०० रुपये. फोटो, ओळखपत्र, ऑनलाइन अर्ज, झालं. याच कामाचे एका एजंटने मला साडेतीन हजार सांगितले होते! इंग्रजी फॉर्म बघून बायका बिचकतात आणि हे लोक त्यावर कमावतात, याचा मला मनापासून राग येतो. अर्ज मुलीला शेजारी बसवून भरा, पण स्वतः भरा. अन्न व औषध प्रशासनाने दिवाळीच्या महिनाभर आधी वॉर्डावॉर्डात मराठीतून शिबिरं घ्यावीत, ही माझी जुनी मागणी आहे.

चौदा आकडी नंबर मिळाला की काम संपलं, असंही नाही. खरं काम लेबलचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, बॅच नंबर, पत्ता, शाकाहाराचा हिरवा ठिपका. शेंगदाणे, दूध, गहू वेगळे सांगायचे. चिवड्यात दाणे दिसतात, पण लाडवात दाण्याचं कूट घातलं असेल तर ते ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला कसं कळणार?

आणि वर्तमानपत्र! माझी आई चकल्या पेपरवरच निथळायची, मीही तेच केलं. शाईतली द्रव्यं तेलातून अन्नात उतरतात, म्हणून पॅकेजिंगच्या २०१८ च्या नियमांनी अन्न वर्तमानपत्रात ठेवायला आणि गुंडाळायला बंदी केली आहे. मी आता जाळीच्या चाळणीवर निथळते. तेल जास्त गळतं, चकली कुरकुरीतही राहते.

"एवढं केलं तर घरगुतीपणा काय राहिला?" असं एका ग्राहक ताईंनी विचारलं. भाजणी मी अजून धान्य वेगवेगळं भाजूनच करते, लाडवाचं बेसन मंद आचेवर तासभर हलवते. ते कुठे गेलं नाही. फक्त आता पाकिटावर माझं नाव आणि पत्ता असतो, बिघडलं तर कोणाला विचारायचं ते कळतं.

यंदा ओल्या नारळाच्या करंज्या फक्त डोंबिवलीतच देणार आहे, सकाळी तळून संध्याकाळी हातात. बाहेरगावी पाठवायच्या असतील तर सुक्या खोबऱ्याच्याच सांगा.