बुबुळ म्हणजे एकच काच नव्हे

२५ ऑगस्टचा नेत्रदान पंधरवडा जवळ आला की दादर-परळच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. म्हणणं असं : 'बुबुळ हा काचेसारखा एकच पडदा. तो पांढरा पडला की अख्खा डोळा बदलतात. म्हाताऱ्यांचे, मोतीबिंदू काढलेले, लेझर केलेले डोळे बाद. रक्तगटही जुळावा लागतो. आणि मृतदेह हॉस्पिटलात न्यावा लागतो.' खाली हात जोडलेले इमोजी.

अख्खा डोळा बसवून अजून कुणाला दृष्टी आलेली नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चेहऱ्याबरोबर डोळाही बसवला. डोळा जगला, दिसलं मात्र नाही. बदलतात तो पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया, म्हणजेच मेसेजमधलं बुबुळ.

आता 'एकच पडदा'. सगळा घोळ इथेच आहे. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या कॉर्नियात पाच थर असतात : एपिथेलियम, बोमनचा थर, स्ट्रोमा, डेसिमेचा पडदा आणि एंडोथेलियम. (२०१३ मध्ये डॉ. हरमिंदर दुआंनी आणखी एक मांडला, त्यावर वाद आहे.) वरचं एपिथेलियम खरचटलं तर काही दिवसांत भरून येतं. जाडीचा नव्वद टक्के भाग स्ट्रोमाचा. सगळ्यात आतलं एंडोथेलियम म्हणजे पेशींची एकच रांग, पण स्ट्रोमातलं पाणी सतत बाहेर खेचणारा पंप तोच. या पेशी गेल्या की नव्या येत नाहीत. मग कॉर्निया सुजतो आणि पेशंट सांगतो, "सकाळी उठल्यावर सगळं धुरकट, दुपारनंतर जरा बरं."

अशा वेळी पुढचे चांगले थर कशाला काढायचे? डीमेक शस्त्रक्रियेत दात्याचा डेसिमेचा पडदा एंडोथेलियमसकट अलगद सोलतात. तो इतका पातळ की दिसावा म्हणून निळा रंग लावावा लागतो आणि सोलल्याबरोबर आपोआप गुंडाळी होते. ती गुंडाळी बारीक छेदातून डोळ्यात सोडायची, बाहेरून हलक्या टिचक्या मारत उलगडायची आणि खालून हवेचा बुडबुडा देऊन चिकटवायची. पेशंटने मग छताकडे तोंड करून उताणं पडून राहायचं. गंमत म्हणजे तरुण दात्याचा पडदा जास्त घट्ट गुंडाळतो, म्हणून इथे पन्नाशी ओलांडलेले दातेच सर्जनना सोयीचे वाटतात. म्हाताऱ्यांचे डोळे बाद म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

केराटोकोनसमध्ये, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो त्या आजारात, उलट. पुढचे थर बदलतात, पेशंटचं स्वतःचं एंडोथेलियम राखतात. त्यामुळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनने पेशी कमी झालेल्या दात्याचा पुढचा भागही चालू शकतो, आणि लेझर केलेल्याचा मागचा. कधी एकाच कॉर्नियाचे दोन भाग दोघांना जातात. सगळ्या थरांतून आरपार व्रण असेल तर मात्र पूर्ण जाडीचाच कॉर्निया लागतो. १९०५ मध्ये माणसावर पहिलं यशस्वी कॉर्निया-रोपण करणाऱ्या डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी तसाच बसवला होता.

रक्तगट सहसा जुळवत नाहीत, कारण निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात. रिजेक्शन तरीही होऊ शकतं, थेंब चुकवायचे नाहीत. एचआयव्ही, कावीळ बी-सी, रेबीज असेल तर डोळे घेत नाहीत. पण ते नेत्रपेढी तपासून ठरवेल, शेजारच्या काकांनी ठरवू नये.

मृतदेह कुठेही न्यावा लागत नाही, नेत्रपेढीची माणसं घरी येतात. साधारण सहा तासांच्या आत काम व्हावं लागतं आणि मुंबईचं ट्रॅफिक सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा फोन आधी करा. तोवर पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस आणि डोक्याखाली उशी.