कोल्हापूर ते नागपूर सव्वा तास? कुणासाठी?

आज सकाळी नातेवाईकांच्या ग्रुपवर कुणीतरी स्क्रीनशॉट टाकला. कोल्हापूर ते नागपूर हवाई अंतर साधारण 700 किलोमीटर, उड्डाणाचा वेळ सव्वा तास. खाली कौतुक, 'बघा, विदर्भ किती जवळ आला!' वाचून डोकंच फिरलं.

माझा मामा नागपुरात वारला त्या दिवशीही हे अंतर एवढंच होतं. पहाटे फोन आला. आईनं एकच विचारलं, "संध्याकाळपर्यंत पोचू का रे आपण?" थेट विमान त्या दिवशी नव्हतं. मुंबईमार्गे जायचं तर दुसरं विमान रात्रीचं. महाराष्ट्र एक्सप्रेस दुपारी सुटणार आणि मिरज, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असा सगळा वळसा घालून दुसऱ्या दिवशी दिवस कलताना नागपूर दाखवणार. शेवटी गाडी केली. सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड.

म्हणून सांगतो, ते सव्वा तासाचं कौतुक मला ऐकवू नका. एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान असेल तर ते पावणेदोन तासांवर जातं, तेही सोडा. विमान कोणत्या वारी आहे, किती वाजता आहे आणि पुढच्या महिन्यात असणार आहे का, हे सांगा. छोटी शहरं विमानानं जोडायची केंद्र सरकारची 'उडान' योजना 2016 साली आली. अर्ध्या सीटांच्या तिकीट दराला मर्यादा, त्या बदल्यात सरकारनं कंपनीला तीन वर्षं तूट भरून द्यायची. चांगलंच होतं. पण तीन वर्षांनी मदत संपली की काय? रूट बंद पडला तर प्रवाशानं कुणाला विचारायचं? रिकाम्या सीटा घेऊन कुणी विमान उडवणार नाही, मान्य. पण जे विमान आज आहे आणि उद्या नाही, त्याच्या भरवशावर लोक तिकीट काढायची सवय लावून घेतील कशी?

आई लातूरपर्यंत फोनवर मामेभावाला सांगत होती, "थोडं थांबा, आम्ही निघालोय." नांदेड गेल्यावर तिनंच फोन लावला आणि म्हणाली, "आता थांबू नका रे, उरकून घ्या." मग यवतमाळ येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी काही काल झालेली नाही. राजाराम महाराजांच्या काळात, 1939 साली इथे विमानतळ सुरू झाला. तेव्हाच्या संस्थानाला जे सुचलं ते आजच्या सरकारला चालवता येऊ नये? आणि याच नागपूर-गोवा पट्ट्यात शक्तिपीठ महामार्गासाठी आमच्या शेतकऱ्यांकडून उसाच्या सुपीक जमिनी मागताय. 2025 च्या आराखड्यात 802 किलोमीटरचा रस्ता! रस्त्यानं भाग जवळ येतो हे खरं, नाकारत नाही. पण धावपट्टी दोन्हीकडे तयार आहे, तिच्यासाठी नवी गुंठाभर जमीनही लागत नाही.

राग आईसाठी येतो, आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी. लेक विदर्भात दिलेली, भाऊ मराठवाड्यात, मुलगा कोकणात नोकरीला. एकाच राज्यातली माणसं, पण दुःखाच्या वेळी गाठ पडत नाही.

मागणी साधी आहे. कोल्हापूर-नागपूर रोज सकाळी एक, संध्याकाळी एक विमान. पाच वर्षं बंद करायचं नाही. तूट राज्य सरकारनं भरावी. आणि कुणाच्या घरी मयत असेल तर शेवटच्या दोन सीटा वाढीव दराशिवाय द्याव्यात. आपल्या आमदाराला, खासदाराला आजच हे लिहून पाठवा, मी पाठवलंय.