‘एक अंश तापमान वाढलं की दंगली १४ टक्क्यांनी वाढतात’ हे खरं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय: तापमान एक अंशाने चढलं की दंगली १४ टक्के वाढतात, म्हणून म्हादई नदीच्या पाण्यावरून महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात रक्त सांडणार.

१४ टक्क्यांचा आकडा २०१३ च्या ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकातला आहे, गटागटांतल्या संघर्षाबद्दलचा; सोलोमन शियांग आणि सहकाऱ्यांनी ६० अभ्यास एकत्र तपासले होते. पण तो ‘एका अंशाला’ नाही. तापमान किंवा पाऊस त्या ठिकाणच्या सरासरीपासून तिथल्या नेहमीच्या चढउताराइतका (एक प्रमाण विचलन) सरकला, तर तो लागू होतो. व्यक्ती-व्यक्तींमधल्या हिंसेसाठी तिथे ४ टक्केच दिलेत. २०१९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातल्या लेखात तज्ज्ञांनी तर सशस्त्र संघर्षात गरिबी आणि दुबळं शासन ही कारणं हवामानापेक्षा मोठी ठरवली.

आपल्याकडचंच बघा, हे वाद उन्हाने पेटलेले नाहीत. म्हादईवर २०१० मध्ये लवाद नेमला, २०१८ मध्ये निवाडा आला. सीमाप्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेतून उभा राहिला. उन्हाळ्यात टँकरपाशी घागरींवरून कुरबूर होते, पाणी घटलं तर वाढेलही. पण त्या रांगेत मराठी आणि कन्नड बायका शेजारीशेजारी उभ्या असतात. त्यांना एकमेकींची भीती घालणारा हा मजकूर कृपया पुढे ढकलू नका.