भूपातला मध्यम

भूप रागात मध्यम, म्हणजे 'म' हा सूर, वर्ज्य. आमच्या गंगापूर रोडच्या घरात मात्र अ‍ॅम्प्लिफायरवर भूप लावला की तीव्र मध्यम आपोआप लागायचा. गायकबुवांकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता, कारण ते श्वास घ्यायला थांबले तरी तो चालूच असायचा. घूंऽऽऽ.

बायकोने गाण्याच्या दोन परीक्षा दिल्या आहेत. तिने पेटी काढली, एकेक पट्टी दाबत गेली आणि निकाल दिला, "पांढरी पाच. किंचित चढी."

मी कागदावर हिशेब मांडला. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, तिची दुप्पट 100, आणि खालच्या सप्तकातली पांढरी पाच 98. बुवांचा सा काळी एक. म्हणजे वीज नेमकी त्यांच्या तीव्र मध्यमावर बसली होती. (अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर हात ठेवला की घूं कमी व्हायची आणि बोटांना मुंग्या यायच्या. या गोष्टीचा मी तेव्हाच विचार करायला हवा होता. पण मला वाटलं, संगीतामुळे होत असेल.)

ऑडिओवेड्या मित्राने फोनवरच निदान केलं. "अ‍ॅम्प्लिफायरला वीज देणाऱ्या कंपनीच्या केबलमध्ये दम नसतो. घरी कर. जाड तांब्याची."

मेन रोडच्या दुकानात जाऊन अडीच स्क्वेअर एमएमची तीन कोअर, दीड मीटर मागितली.

"गिझरला का?"

"नाही. गाणं ऐकायला."

दुकानदाराने वायर मोजायची थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग काही न बोलता कापली. गिऱ्हाईक आणि वेडा यांत भेद न करण्याची नाशिकच्या बाजारपेठेची जुनी रीत आहे.

घरी आल्यावर कळलं की ही वायर नसून अजगर आहे. वळवायला जावं तर सुटून पूर्ववत व्हायचा. वर काळी-निळी जाळीदार स्लीव्ह चढवायची होती. ती अर्ध्यावर फुगली आणि तिथेच बसली. पायजम्यात नाडी ओवण्याचा अनुभव असलेल्या माणसाने अशा वेळी सेफ्टी पिन शोधू नये, एवढंच सांगतो.

रंगांचाही घोळ. मी शाळेत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग शिकलेला. इथे आतून तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी निघाली. ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. टोकं सोलली, पिळली आणि सोल्डरमध्ये बुडवून चांगली टणक केली. अभिमानाने पुतण्याला फोटो पाठवला. तो सातपूरला कारखान्यात पॅनल वायरिंग करतो. त्याचा लगेच फोन आला.

"काका, कापा ती टोकं! सोल्डर मऊ असतं. स्क्रूखाली दबत जातं, स्क्रू सैल होतो आणि प्लग तापतो. थिंबल मारा, टोकावर दाबून बसवायची ती धातूची टोपी."

टोकं कापली. पुन्हा मेन रोड. थिंबल मारल्या, तीनही स्क्रू आवळले, ओढून पाहिलं. समाधानाने मान वर केली तर प्लगचं झाकण टेबलावर माझ्याकडे बघत होतं. ते आधी वायरीत ओवायचं असतं. सगळं सोडलं, झाकण ओवलं, पुन्हा आवळलं. मग दुसऱ्या टोकाचं झाकण दिसलं.

रात्री साडेअकराला अजगर जोडला. त्याच्या ताठपणाने अ‍ॅम्प्लिफायर मागून दोन बोटं उचलला गेला. बटण दाबलं.

घूंऽऽऽ.

"पांढरी पाच," आतल्या खोलीतून आवाज आला. पेटी न काढता.

रविवारी पुतण्या टेस्ट लॅम्प घेऊन आला. फेज आणि न्यूट्रलला लावला, पेटला. फेज आणि अर्थिंगला लावला, ढिम्म. त्याने मेन स्विच पाडून बोर्ड उघडला. हिरवी वायर मागे वीतभर आधीच कापलेली, टोकाला टेप गुंडाळून नीट दुमडून ठेवलेली. बिल्डरच्या वायरमनने बारा वर्षांपूर्वी झोपवलेलं बाळ.

"एकलहऱ्याच्या वीज केंद्रापासून अ‍ॅल्युमिनियमच्या तारांवरून वीज येते," पुतण्या म्हणाला, "आणि शेवटच्या दीड मीटरला तुम्ही शालू नेसवलात. जा, अर्धा मीटर हिरवी वायर आणा."

दुकानदाराने मला ओळखलं. "काय काका, तापलं का गाणं?"

हिरवी वायर बसली. टेस्ट लॅम्प लख्ख पेटला. भूप लावला. बुवांनी आलाप संपवून श्वास घेतला, आणि तो श्वास आम्हाला ऐकू आला. बायकोने खात्रीसाठी पेटीवर पांढरी पाच दाबली. सूर फक्त पेटीतून आला.

"पण आवाजाच्या तळाला जी खोली आलीय," मी म्हणालो, "ती जाड तांब्याचीच." आणि कौतुकाने अजगराकडे बोट दाखवायला वळलो.

तो सोफ्यावर पडला होता. पुतण्याने तपासणीसाठी कंपनीची जुनी काळी केबल जोडली होती, ती काढायची राहून गेली होती.