‘राजकारण घुसडू नका’ म्हणणाऱ्या निनावी वाचकास

महोदय,

टॉल्किनच्या कादंबरीवरून पीटर जॅक्सननं काढलेल्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीन चित्रपटांत शत्रूचं माणूसपण कसं गळून गेलं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “घरबसल्या प्रत्येक गोष्टीत राजकारण घुसडायची तुम्हा लोकांना खोडच आहे. टॉल्किनला रूपककथांचा तिटकारा होता, हे तरी वाचलंय का? एओविनबद्दल एक शब्द नाही. आणि लेख निम्मा असता तरी चाललं असतं.”

लेख लांबला, मान्य. एओविन, म्हणजे गोष्टीतली ती लढवय्यी स्त्री, हा त्या लेखाचा विषय नव्हता. पण ‘तुम्हा लोकांना’ म्हणजे नक्की कुणाला? आपली ओळख नाही, नाव लावायची तसदी तुम्ही घेतली नाही आणि पहिल्याच ओळीत मला कुठल्यातरी कळपात ढकलून मोकळे झालात. मतभेदाला माझी कधीच ना नसते. ही भाषा मात्र मी ऐकून घेणार नाही.

वाचलंय का? हो, वाचलंय. कॉलेजात असताना पुण्याच्या ब्रिटिश लायब्ररीतून कादंबरीचे तिन्ही भाग आणून वाचले आणि पुढे कितीतरी पारायणं झाली. रूपक आवडत नसल्याचं टॉल्किननं दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलंय, हे खरं. पण तिथेच तो असंही म्हणतो, की गोष्ट आपल्या अनुभवाला लावून पाहायची मोकळीक वाचकाला असते. तुम्ही सोयीचं तेवढं उचललंत.

आता ‘घुसडणं’. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात इथिलियन प्रांताच्या झाडीत, शत्रूच्या बाजूनं लढणाऱ्या दक्षिणेकडच्या हराद देशाचा एक सैनिक नायकाचा सोबती सॅम याच्यापासून चार हातांवर येऊन कोसळतो. मानेत बाण, सोनं गुंफलेल्या काळ्या वेण्या रक्तानं भिजलेल्या, तपकिरी हातात अजून मोडक्या तलवारीची मूठ. सॅमच्या मनात येतं, याचं नाव काय असेल? हा खरंच दुष्ट होता, की कुणाच्या थापांनी, धमक्यांनी घरापासून एवढ्या लांब आला? 2002 साली थिएटरात लागलेल्या चित्रपटात हरादचे लोक बाण लागून पडतात आणि दृश्य पुढे सरकतं. सॅमचा तो विचार हरादच्या लोकांवर हल्ला करणाऱ्या तुकडीचा नायक फॅरामिर याच्या तोंडी घालून चित्रित केला होता, पण तो आला नंतरच्या लांब आवृत्तीत.

तिसऱ्या भागाचं तर विचारूच नका. पुस्तकात राजा झालेला अरागॉर्न शरण आलेल्या पूर्वेकडच्या सैनिकांना माफी देऊन सोडतो, हरादशी तह करतो, हरलेल्या शत्रूच्या मॉर्डोर देशातल्या गुलामांना मुक्त करून नुर्नेन सरोवराभोवतीची जमीन त्यांना देऊन टाकतो. चित्रपटात राज्याभिषेक आहे, गाणं आहे, सॅमसारख्या बुटक्या हॉबिटांपुढे झुकलेला जनसमुदाय आहे. तह, माफी, जमीन यांचा उल्लेखही नाही. मग पडद्यावर हरादची माणसं म्हणून काय उरतं? फडक्यांनी झाकलेले चेहरे आणि काजळ घातलेले डोळे. राजकारण पुस्तकात होतं, ते चित्रपटानं काढलं. घुसडल्याचा आरोप माझ्यावर कसा येतो?

जॅक्सनच्या हेतूवर मी शंका घेतलेली नाही. मुख्य चित्रीकरण 1999-2000 मधलं, म्हणजे 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांच्या आधीचं. पण पाहणारे लोक आपल्या काळातच बसून पाहतात. डिसेंबर 2002 मध्ये व्हिगो मॉर्टेनसेन, म्हणजे पडद्यावरचा खुद्द अरागॉर्न, टीव्हीवरच्या मुलाखतीला ‘तेलासाठी आणखी रक्त नको’ अशा अर्थाचं वाक्य हातानं लिहिलेला टी-शर्ट घालून बसला होता. चित्रपटाचा संबंध अमेरिकेच्या युद्धाशी जोडला जातोय, हे त्याला सहन होत नव्हतं. त्यालाही घुसडायची खोड होती का?

‘घरबसल्या’ हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला. माझे वडील 1971 च्या लढाईत पंजाब सरहद्दीवर होते. शौर्याच्या गोष्टी त्यांनी फारशा सांगितल्या नाहीत. सांगायचे ते एका मेलेल्या पाकिस्तानी जवानाबद्दल. त्याच्या पायात घरी विणलेले लोकरीचे मोजे होते, एक तपकिरी आणि एक हिरवा. विणणारीची लोकर संपली असणार, असं ते दर वेळी म्हणत. सॅमचं ते पान मी त्यांना मराठीत सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “हा लेखक लढाईवर गेलेला दिसतो.” टॉल्किन गेलाच होता, पहिल्या महायुद्धात, 1916 साली, फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर. या घरात मी वाढलोय. युद्धाच्या गोष्टीत राजकारण शोधत हिंडायची गरज मला कधी पडली नाही.

लांब आवृत्तीतला फॅरामिरचा प्रसंग बघा आणि तो थिएटरातल्या आवृत्तीत का नसावा, यावर जरूर लिहा, नाव लावून. ‘तुम्हा लोकांना’नं सुरू होणारी पुढची प्रतिक्रिया मी इथे ठेवणार नाही.